ऊब कोठें जाते?

आपलीं घरें ऊन आणि पाऊस यांच्याशीं झगडण्यासाठीं बांधलेलीं आहेत. थंडीचा विचार त्यांत कोणीं फारसा केलेला दिसत नाहीं. कोंकणांत तशी गरजच नव्हती. देशावर थंडी ही पाहुणी. मार्गशीर्षांत यावें, दोन महिने राहावें आणि महाशिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत निघून जावें, असा तिचा शिरस्ता. अशा पाहुणीसाठीं वेगळी तजवीज कोण करणार? म्हणून उंच छप्पर, कौलांखालून खेळणारा वारा, भिंतीच्या माथ्याशीं झरोके, दाराच्या फळ्यांमध्यें बोट शिरेल एवढ्या फटी, अशी आपल्या जुन्या घरांची ठेवण झाली. वैशाखांतला हा गुण पौषांत दोष होतो. पण घरांतील धडधाकट मंडळींना तो जाणवत नाहीं. तीं चहा घेतात, दोन जिने चढउतार करतात आणि थंडीचें कौतुक करतात. ज्याला अंथरुणांत अधिक वेळ काढावा लागतो त्या वृद्ध माणसाला मात्र त्या प्रत्येक फटीची ओळख असते.

आमचें घर नाशिकास, गोदावरीच्या अलीकडे, जुन्या वस्तींत आहे. नाशिकची द्राक्षें सर्वांस ठाऊक असतात, थंडी तितकी नसते. पौषांत पहाटे पारा दहा अंशांच्या खालीं जाणें येथें नवलाचें नाहीं. शेजारच्या निफाड तालुक्यांत तर कांहीं वर्षीं तो पांचाच्याही खालीं उतरला आहे. बाहेर आठ अंश असतां आमच्या मागील अंगणाकडच्या खोलींत पहाटे अकरा अंश भरत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं घर आणि आरोग्य यांविषयीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत थंडीच्या दिवसांत राहत्या घराच्या आंत सुमारें १८ अंश सेल्सिअस उष्णमान असावें असें सांगितलें आहे. ही शिफारस समशीतोष्ण आणि थंड देशांसाठीं आहे हें खरें. पण म्हाताऱ्या शरीराला देश कोणता हें कळत नाहीं, अंश कळतात. थंडीनें कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. शिवाय वृद्धांना थंडी वाजत असल्याची जाणीवच उशिरां होते. आत्याबाई म्हणतात, “मला कांहीं होत नाहीं”. आणि त्यांचे हात हातांत घ्यावेत तों बर्फ!

ही मागील खोली आत्याबाईंची. वय ८४. त्यांचा थंडीवरचा उपाय एकच आणि परंपरागत, म्हणजे शेगडी. संध्याकाळीं अंगणांत कोळसे फुलवावयाचे, धूर पुरता थांबला कीं शेगडी खोलींत न्यावयाची, दार लोटावयाचें आणि जप करीत बसावयाचें. गतवर्षीं पौषांतल्या एका सकाळीं त्यांना उठतांना घेरी आली, डोकें ठणकूं लागलें आणि मळमळ सुटली. घरांत पित्तापासून पक्षाघातापर्यंत सर्व तर्क झाले. डॉक्टरांनीं नाडी पाहण्यापूर्वीं कोपऱ्यांतल्या शेगडीकडे पाहिलें आणि दोन्ही खिडक्या सताड उघडावयास सांगितल्या. दुपारपर्यंत आत्याबाई सावरल्या. पण डॉक्टर जातांना जें बोलले तें आमच्या मनांतून गेलें नाहीं. “या खोलीला फटी आहेत म्हणून हें एवढ्यावर भागलें,” असें ते म्हणाले.

निखारे लालबुंद झाले आणि धूर थांबला कीं शेगडी निर्धोक झाली, असा समज घरोघर आहे. तो चुकीचा आहे. कोळशाला पुरेसा प्राणवायु मिळाला नाहीं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु तयार होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, डोळ्यांत पाणी आणण्याचा प्रामाणिकपणाही नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो; मग श्वास चालू असूनही शरीर गुदमरतें. जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शास्त्रज्ञानें कोळशाच्या खाणींतील स्फोटांत माणसें कशानें मरतात याचा शोध घेतला आणि १८९६ सालीं त्याचा अहवाल दिला. खाणीतलीं बहुतेक माणसें भाजून किंवा आघातानें मरत नाहींत, या वायूनें मरतात, असें त्यानें दाखविलें. त्यासाठीं त्यानें स्वतः तो वायु हुंगून आपल्या रक्ताची परीक्षा केली होती. खाणींतला शत्रु आपल्या देवघराशेजारच्या खोलींत पितळी शेगडींत बसून असतो, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अजून शेगडी आहे त्यांनीं आजच लक्षांत घ्यावी.

शेगडी जावी याविषयीं घरांत दुमत राहिलें नाहीं. तिच्या जागीं काय यावें याविषयीं मात्र जितकीं डोकीं तितकीं मतें. खोलींत एक जुना विजेचा हीटर होता, मातीच्या तबकडीवर उघडी वेटोळी तार असलेला. तो लावला म्हणजे नडग्या भाजत आणि पाठ गारठत असे. थोरल्या बंधूंचें मत त्यालाच नवी तार घालावी. पुतण्या नुकताच अभियांत्रिकींत गेलेला. त्याला मोठ्यांत मोठें यंत्र हवें होतें. दुकानदारानें तर एका झगमगीत पेटीकडे बोट दाखवून “ही वीज निम्मी खाते आणि उष्णता दुप्पट देते” असें छातीठोकपणें सांगितलें. वहिनी हळूच म्हणाल्या, “असें असेल तर दोन पेट्या घ्याव्या आणि वीज कंपनीलाच विकावी.” पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनें यापेक्षां चोख उत्तर देणें कठीण आहे.

इंग्लंडांतील जेम्स जूल यानें विजेचा प्रवाह तारेंतून जातांना किती उष्णता होते याचा नियम १८४१ सालीं प्रसिद्ध केला. प्रवाहाचा वर्ग आणि तारेचा विरोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणांत उष्णता होते, हा तो नियम. तारेनें तापणाऱ्या हीटरांत विजेचें एक युनिट खर्च झालें म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता निघणार. यंत्र दोनशें रुपयांचें असो कीं वीस हजारांचें, यांत फरक पडत नाहीं. फरक पडतो तो उष्णता किती वेगानें येते, कोणत्या दिशेला जाते आणि तिच्यापासून धोका किती, यांत. म्हणून ‘कोणता हीटर अधिक ऊब देतो’ हा प्रश्न आम्हीं बाजूला ठेवला आणि ‘दिलेली ऊब जाते कोठें’ हा धरला.

त्याचा हिशेब कोणाही मॅट्रिक झालेल्या माणसाला करतां येईल. खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, ९ फूट उंच. म्हणजे सुमारें ३० घनमीटर हवा. बाहेर ८ अंश, आंत १८ हवेत. फरक १० अंशांचा. खोलींतील सगळी हवा तासाला एकदां बदलली तर तेवढी नवी हवा तापविण्यास सुमारें १०० वॉट सतत लागतात. आमच्या खोलींत ती तासाला पांच वेळां बदलत असावी, असा अंदाज केला. म्हणजे ५०० वॉट नुसते फटींतून जाणार. अंगणाकडील दोन भिंती जुन्या, दीड फूट जाड; त्यांतून २३० वॉटच्या आसपास. वर पातळ तक्तपोशी, तिच्यावर पोटमाळा आणि मग कौलें. या वाटेनें सुमारें २८०. आणि ज्या खिडकीच्या कांचेला घरांतले सर्व जण दोष देत होते तिच्यांतून अवघे ६० वॉट. बेरीज हजारावर. आंकडे अंदाजाचे आहेत, पण त्यांची एकमेकांशीं तुलना केली म्हणजे कोणतें काम आधीं करावयाचें याविषयीं शंका उरत नाहीं. कांच बदलण्यांत चारपांच हजार रुपये घालविण्याची जी कल्पना निघाली होती ती येथें निकालांत निघाली.

फटी शोधण्याचें साधन देवघरांतच होतें. पंखा बंद, दार बंद, आणि हातांत एक पेटलेली उदबत्ती. दाराच्या, खिडकीच्या, तुळयांच्या कडेकडेनें ती सावकाश फिरवावी. धूर सरळ वर जातो तेथें सर्व ठीक. जेथें तो एकदम आडवा होतो किंवा आंत ओढला जातो तेथें खडूनें खूण करावी. वारा असलेल्या संध्याकाळीं ही परीक्षा उत्तम होते. आम्हांला एकंदर तेवीस खुणा कराव्या लागल्या. त्यांपैकीं सर्वांत मोठी खूण खिडकीला नव्हती. तुळई जेथें भिंतींत शिरते तेथें एका जुन्या उंदराच्या बिळाला ती होती. आत्याबाईंच्या उशाच्या बरोबर वर!

येथें एक इशारा आधीं दिला पाहिजे. फटी बुजवावयाच्या असतील तर शेगडी घरांतून आधीं गेली पाहिजे. अगोदर शेगडी, मग फटी. ज्या वाऱ्याला आपण शिव्या देतों तोच कोळशाच्या खोलींतला राखणदार असतो. शेगडी ठेवून फटी बुजविणें यासारखा घातक उद्योग नाहीं. आणि वीज आल्यावरही खोली डबीसारखी बंद करावयाची नाहीं. माणसाच्या श्वासाची ओल आणि शिळी हवा बाहेर जाण्यास वाट हवी, म्हणून भिंतीच्या माथ्याशीं असलेल्या दोन झरोक्यांपैकीं एक आम्हीं तसाच उघडा ठेवला.

बाकीचें काम दोन रविवारांत झालें. तुळईची भोकें चुना-वाळूनें भरलीं. चौकटीच्या लाकडांतील भेगांत लांबी भरली. खिडकीच्या झडपा मिटतात त्या कडेला नमद्याची पट्टी बारीक चुकांनीं ठोकली. पट्टी फार जाड घेतली तर झडप लागत नाहीं, म्हणून आधीं फटींत कागदाच्या घड्या घालून जाडी मापावी. दाराखालची फट सर्वांत हट्टी. तिच्यासाठीं वहिनींनीं जुन्या लुगड्याची लांब पिशवी शिवून तींत वाळू भरली आणि ती दाराशीं आडवी टाकली. मुलांनीं तिचें नांव अजगर ठेवलें; रात्रीं अजगराला जागेवर निजविण्याची जबाबदारी आतां त्यांचीच आहे आणि ती कोणी चुकवीत नाहीं. खिडकीला दुहेरी कापडाचा, थेट जमिनीपर्यंत येणारा पडदा लावला. आत्याबाईंचा पलंग बाहेरच्या भिंतीला चिकटलेला होता तो दोन फूट आंत घेतला. हवा कितीही तापली तरी शेजारची थंड भिंत आपल्या अंगांतली ऊब शोषीत राहते. पलंग हलवावयाला पैसा पडत नाहीं, म्हणूनच कदाचित् हा उपाय कोणी सुचवीत नाहीं.

तक्तपोशीचें काम जरा किचकट. पोटमाळ्यावर पिढ्यान्पिढ्यांची अडगळ होती. ती हलवितांना कोणाची पत्रिका, कोणाच्या मुंजींतली पळी असें बरेंच सांपडलें आणि एक अख्खा दिवस त्यांतच गेला. मग तक्तपोशीच्या फळ्यांवर दोन इंच जाडीचें ग्लासवूल पसरलें. हा कांचेच्या तंतूंचा कापूस वातानुकूलनाचें सामान विकणाऱ्या दुकानांत मिळतो. तो जळत नाहीं. कोणीं थर्मोकोल सुचविला होता, पण जुन्या लाकडाच्या घरांत आणि विजेच्या तारांशेजारीं थर्मोकोल घालणें आम्हांस मुळींच मान्य नव्हतें. तो भरभर पेट घेतो. ग्लासवूल हाताळतांना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि नाकातोंडाला मुसकें पाहिजेच, नाहींतर दोन दिवस अंग खाजतें. या एका कामानें छताकडून जाणारी उष्णता, हिशेबाप्रमाणें, चतुर्थांशावर यावयास हवी होती.

येथपर्यंतचें सारें आपल्या हातचें. पुढचें तसें नाहीं, आणि हौसेला येथें लगाम घातला पाहिजे. आपल्या देशांतील विद्युत्-नियमांप्रमाणें दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण जसेंच्या तसें बदलणें घरमालकाला करतां येतें. नवी तार ओढणें किंवा जोडणीचा भार वाढविणें हें परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावें लागतें. आमचा पुतण्या यावर थोडा रुसला. पण वायरमननें जुना बोर्ड उघडून दाखविल्यावर त्याचा रुसवा उतरला. आंत अनेक वर्षांपूर्वींची अॅल्युमिनियमची तार होती. तिला पुढें कोणीं तरी तांब्याची तार नुसता पीळ देऊन जोडली होती आणि वर कापडी पट्टी गुंडाळली होती. पट्टी काळीठिक्कर. अॅल्युमिनियम आणि तांबें तापतांना कमीअधिक फुगतात, जोड सैल होतो, अॅल्युमिनियमवर जी बारीक जंगाची पापडी धरते ती विजेला अडविते, आणि सैल जोड हा स्वतःच एक हीटर बनतो. फक्त तो भिंतींत लाकडाशेजारीं बसलेला असतो.

जूलचा नियम हीटराला लागू आहे तसाच भिंतींतल्या तारेलाही आहे, हें लोक विसरतात. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर दोन हजार वॉटचा हीटर ८·७ अँपिअर प्रवाह ओढतो. दिव्यापंख्याच्या बोर्डावरचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. एक हजार वॉटचे दोन हजार केले कीं प्रवाह दुप्पट होतो, पण तारेंतली उष्णता चौपट. घरोघर जे मोठा प्लग लहान सॉकेटांत बसविणारे ठोकळे आणि चार तोंडांचे लांबवणीचे बोर्ड वापरतात, त्यांतले कित्येक हिवाळ्यांत वितळतात याचें कारण हेंच. आमच्या खोलीसाठीं मुख्य बोर्डापासून स्वतंत्र चार चौरस मिलीमीटरची तांब्याची तार घेतली, १६ अँपिअरचा सॉकेट बसविला, आणि त्या वाटेवर जास्त प्रवाह झाला कीं तुटणारा एक स्विच व ३० मिलिअँपिअरची गळती होतांच वीज तोडणारा दुसरा स्विच लावला. अर्थिंग तपासून घेतलें. प्लगची तिसरी कांडी इतर दोहोंपेक्षां लांब असते ती उगीच नव्हे. ती सर्वांत आधीं जोडली जावी आणि सर्वांत शेवटीं सुटावी यासाठीं. ती कापून प्लग बसविणारे शूर पुरुष आम्हीं पाहिले आहेत. विजेच्या बिलावर ‘मंजूर भार’ म्हणून एक आंकडा छापलेला असतो, तोही या प्रसंगीं एकदां वाचून पाहावा.

यंत्र सर्वांत शेवटीं आलें. आणि तोंपर्यंत खोलीची गरज हजार वॉटवरून पांचशेंच्या आसपास उतरली होती. आम्हीं तेलाचा रेडिएटर घेतला. त्यांत तेल जळत नाहीं, भरावेंही लागत नाहीं. तें बंद पात्रांत असतें, तारेनें तापतें आणि पंखासारख्या लोखंडी पाकळ्यांतून सावकाश ऊब सोडतें. तापण्यास अर्धा तास घेतो, हा त्याचा दोष. पण उघडी लाल तार कोठेंच नाहीं, आवाज नाहीं, उजेड नाहीं. आठशें, बाराशें आणि दोन हजार वॉट असे त्याचे तीन टप्पे आहेत. आमचें आठशेंवर भागतें. उलटला तर आपोआप बंद होणारा आणि आय. एस. आय. चा शिक्का असलेलाच घ्यावा. उष्णमान ठरविणाऱ्या बटणामागें बहुधा दोन निरनिराळ्या धातूंची एकमेकींस जोडलेली पट्टी असते. तापली कीं ती वांकते आणि वीज तोडते, निवली कीं सरळ होते आणि जोडते. तापणारी तार निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची. अमेरिकेंतील अल्बर्ट मार्श यानें १९०६ सालीं या मिश्रधातूचें पेटंट घेतलें. त्यापूर्वीं तारा तापून तापून हवेंत झिजत. या धातूवर क्रोमियमच्या जंगाचा पातळ थर बसतो आणि तोच तिचें चिलखत होतो. पावापासून पाण्यापर्यंत घरांतलें जें जें म्हणून विजेवर तापतें त्यांतलें बहुतेक या एका शोधावर उभें आहे.

आत्याबाईंची पहिली हरकत प्राणवायूची. हीटर हवेंतला प्राणवायु खातो असें त्यांना कोणीं तरी सांगितलें होतें. आम्हीं म्हटलें, “आत्याबाई, प्राणवायु खाते ती तुमची शेगडी, येथें जळत कांहींच नाहीं, नुसतें तापतें.” हवा कोरडी होते, ही दुसरी हरकत मात्र साधार आहे. हीटर ओल काढून घेत नाहीं. पण आठ अंशांची हवा अठरापर्यंत तापविली म्हणजे तिची ओल धरण्याची शक्ति जवळजवळ दुप्पट होते, आणि असलेली ओल त्या मानानें निम्मी ठरते. घसा सुकतो, ओठ फुटतात. खोलींत पाण्याचें रुंद तोंडाचें भांडें ठेवावें, उष्णमान अठराएकोणिसाच्या वर नेऊं नये. तिसरी गोष्ट हरकत नव्हती, बेत होता. सोवळ्याची ओली धाबळी रात्रीं त्या पाकळ्यांवर टाकली तर सकाळीं छान वाळलेली मिळेल, असा त्यांचा हिशेब. तेवढें आम्हीं निक्षून मना केलें. हीटरवर कपडा घातला कीं आंतली उष्णता कोंडते, आणि आगीची सुरुवात तेथूनच होते. धाबळीसाठीं तीन फूट दूर एक दोरी बांधून दिली. तेथेंही ती वाळते.

पलंगाच्या उंचीवर एक साधा उष्णतामापक टांगला आहे. रात्रीं दहाला १८ अंश करून हीटर बंद करावा आणि पहाटे पांचाला पाहावें, अशी परीक्षा पुतण्यानें पूर्वीं आणि नंतर अशी दोनदां केली. पूर्वीं ११ भरले होते, आतां १५. अर्थात् रात्रभर तो कमी टप्प्यावर चालूच असतो. अठरा कायम राखण्यास पूर्वींच्या हिशेबानें आठ तासांस साडेआठ युनिटें लागलीं असतीं, आतां चार लागतात. साठ रात्रींचा फरक २७० युनिटांचा. आणि बिलांतले दर वापराबरोबर टप्प्याटप्प्यानें चढत असल्यामुळें वांचलेलीं युनिटें सर्वांत महाग टप्प्यांतलीं असतात.

नवें घर बांधणाऱ्यांस मात्र आम्ही वेगळें सांगूं. उलट चालणारें वातानुकूलन यंत्र उष्णता तयार करीत नाहीं, बाहेरच्या हवेंतली उष्णता ओढून आंत आणतें. त्यामुळें एका युनिटांत सुमारें तीन युनिटांइतकी ऊब आंत येते, आणि नाशिकपुण्याच्या आठदहा अंशांच्या थंडींत तें उत्तम चालतें. यांत जूलचा नियम मोडत नाहीं. पाणी उपसणें आणि पाणी निर्माण करणें यांतला हा भेद आहे. आमच्या दीड फुटी भिंतीला भोंक पाडण्यास थोरल्या बंधूंनीं संमति दिली नाहीं, आणि खोलीची भूक पांचशें वॉटवर आल्यावर आम्हींही आग्रह धरला नाहीं.

शेगडी आतां सकाळीं अंगणांत उघड्यावर पेटते. ऊन येईपर्यंत आत्याबाई तिच्याशीं बसतात, शेजारच्या बायकाही येतात. त्यांच्याकडून आम्हांस कळलें कीं आत्याबाई नव्या व्यवस्थेची स्तुति करतात, फक्त आमच्यासमोर करीत नाहींत. राहिलें आहे तें ग्लासवुलाचें. तें भिजलें तर निरुपयोगी होतें, आणि आमच्या पोटमाळ्यावर दोन ठिकाणीं कौल फुटलेलें आहे. म्हणून यंदा शाकारणी मृगाची वाट न पाहतां वैशाखांतच उरकावयाची असें ठरलें आहे; कौलें चाळणाऱ्यास निरोप गेला आहे.